टांझानियाची सावड

मधल्या सुट्टीत कारभारी शाळेच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, टांझानियाला एक दिस कामाला जायाचं हाय. कागद लिवा.”

कानिफनाथ गुरुजींच्या हातातले वर्तमानपत्र खाली आले. अलिप्त राष्ट्रांनी एकमेकांना हात द्यावा, असा अग्रलेख ते नुकताच वाचत होते. पण तो हात जामखेड तालुक्यातून, बाराबंदीच्या बाहीसकट, आपल्यापुढे येईल असे त्यांना वाटले नव्हते.

गेल्या महिन्यात सरकारी योजनेतून किसांगा नावाचा टांझानियाचा शेती अधिकारी विहिरींची कामे पाहायला गावात आला होता. पाहता पाहता त्याने सदरा काढला, पहार घेतली आणि कारभाऱ्याच्या विहिरीत उतरून दिवसभर खडक फोडला. गावात सावडीचा रिवाज. कुणी तुमच्याकडे एक दिवस राबले, की तुम्ही त्याच्याकडे एक दिवस राबायचे.

“अरे, तो पाहुणा होता. पाहुण्याची कसली सावड?”

“तुमी म्हनता तसं आसंल. पर सहादेव काय म्हनतो त्ये इचारा.”

सहादेवाकडे एक बैल, कारभाऱ्याकडे एक. दोघे मिळून पेरत. यंदा मात्र सहादेवाने पारावर जाहीर केले होते, “परमुलखातल्या मान्साचा दिस ज्यानं बुडिवला, त्यो माजा बुडवाया किती येळ लावंल? आदी त्याचा फेड, मंग माजा बैल.” मृगाला दोन महिनेही उरले नव्हते, आणि एका बैलावर पेरणीची पाभर चालत नाही.

गुरुजींनी नकाशा उलगडला. नकाशा जुना, त्यावर टांझानियाचे नावच नव्हते. बऱ्याच शोधाने त्यांनी समुद्रापलीकडे बोट टेकवले.

“मंग सकाळी निगून सांजच्याला माघारी...?”

“नाही रे बाबा.”

“बरं, तितं बाजरी हुती का? खडक आपल्यावानीच टनक, का मऊ?”

गुरुजींना ठाऊक नव्हते. वीस वर्षे भूगोल शिकवून हे प्रश्न आपल्याला कधी पडले नाहीत, याची त्यांना लाज वाटली, आणि पाठोपाठ उत्तरे जाणून घ्यायची ओढही लागली.

किसांगाचा पत्ता नव्हता, म्हणून शब्दकोश उशाला घेऊन, चार कागद फाडून त्यांनी त्या योजनेच्या दिल्लीच्या कचेरीला इंग्रजीत लिहिले: ‘श्री. कारभारी हे टांझानियास आपले श्रम देऊ इच्छितात.’ एक दिवस, हे लिहायला त्यांना संकोच वाटला.

दिल्लीला फार आनंद झाला. पत्राची नक्कल किसांगाकडे रवाना झाली आणि गुरुजींना विचारणा आली: तज्ज्ञांची पदवी कोणती, पत्नी सोबत जाणार काय? दरम्यान त्यांनी नगरला लस टोचून घ्यावी.

“मी न्हाई येनार,” कारभाऱ्याची बायको गोजरबाई म्हणाली. “शेरडं काय तुमचं दिल्लीवालं बघत्याल?”

कारभारी एकटाच नगरला जाऊन आला. दंड टम्म फुगला, ताप भरला. तीन दिवस त्याच्या जनावरांचे वैरणपाणी शेजारच्या गोरक्षनाथाने केले.

“गुरुजी,” कारभारी अंथरुणातून कण्हला, “एक दिस फेडाया निगालो, तर आनखी तीन दिस डोक्यावं आलं!”

गुरुजींना घास गोड लागेना. आपण अक्षर ओळखतो तेवढ्यावर कशाला लिहायला बसलो, असे त्यांना होऊन गेले.

मृगाच्या चार दिवस आधी किसांगाचे पत्र आले. गुरुजींनी पारावर ते मराठी करून वाचले: ‘आमच्या गावातही हाच रिवाज आहे. माझा दिवस तुमच्याच गावात कुणाला लागत असेल, त्याला द्या. मला पोचला.’

कारभाऱ्याने पुढचे ऐकलेच नाही. दुसऱ्या दिवशी तांबडे फुटताच तो सहादेवाच्या रानात बांध घालू लागला आणि दिवस मावळेपर्यंत त्याने पाठ सरळ केली नाही. सहादेवाने बांधावर उभे राहून सगळे निरखले आणि मान डोलावली. “फिटलं. बैल ने.”

तिसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी ओट्यावर निवांत बसले होते. समोर सहादेव येऊन उभा राहिला. टोपी हातात, चेहरा उतरलेला.

“आता काय झालं?”

“गुरुजी, माज्या रानात त्यो दिस राबला कुनाचा? किसांगाचा. म्हंजे आता त्याचा दिस माज्याकडं निगतो.” सहादेवाने घसा खाकरला. “पर पेरनी उरकल्याबिगर मला जमनार न्हाई. दिल्लीला तसं कळवून टाका.”