आठ वर्षांचे जगदेवराव

सहा वर्षांच्या बळवंतला कांजिण्या आल्या आणि त्याच दुपारी अनसूयेचं मॉरिशसला जाणं धोक्यात आलं.

या दोन गोष्टींचा संबंध एकीकरण समितीनं लावला होता. हिंदी मुलखातल्या त्यांच्या शहरात गोरखी आणि दौलतगंज या दोन मोहल्ल्यांतल्या मराठी बालवाचनालयांचं गेले आठ महिने एकीकरण चाललं होतं. तिसऱ्याच वस्तीत, हरिशंकरपुरममध्ये, एक हॉल घेतला होता आणि दोन्हीकडचं सामान तिथे आणून ठेवलं होतं. त्यामुळे हॉलात आता दोन घंटा, अध्यक्षांच्या दोन खुर्च्या आणि वेगवेगळी वेळ दाखवणारी दोन घड्याळं होती. आपलं घड्याळ चुकीचं आहे असं दोन्हीपैकी एकाही शाखेनं मान्य केलं नव्हतं. म्हणून समितीच्या अध्यक्ष विजयाबाई प्रत्येक बैठक दोन्हींच्या मधल्या वेळेला सुरू करत.

अशात मॉरिशसहून पत्र आलं. तिथल्या एका गावात रविवारची मराठी शाळा भरते. ती चालवणाऱ्या शालिनीताईंनी लिहिलं होतं, ‘उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवडे आमच्या मुलांना वाचनात मदत करायला एक स्वयंसेवक पाठवावा. वय सतरा चालेल, पालकांचं पत्र हवं. सोबत वाचनाचं एखादं चांगलं ॲपही सुचवावं.’

गोरखीच्या लोकांनी ‘पानोपानी’ नावाचं ॲप सुचवलं. लगेच दौलतगंजच्या लोकांना ‘वाचघडी’ आवडलं. मग विजयाबाईंनी निकाल दिला, की दोन्ही शाखांनी पंधरा दिवस आपापलं ॲप सहा-सहा मुलांवर वापरून पाहावं. ज्या ॲपवर जास्त मिनिटं वाचन होईल ते ॲप मॉरिशसला जाईल आणि त्या शाखेचा स्वयंसेवकही. गोरखीकडून अनसूया होती. दौलतगंजकडून होती तिचीच वर्गमैत्रीण मधु.

अनसूया अकरावीत होती. या वर्षी ती वक्तृत्वात पहिली आली होती, आणि तेव्हापासून आपल्याला कुठलीही गोष्ट जमते हे तिला कळलं होतं. निवड व्हायच्या आधीच तिनं पासपोर्टचा अर्ज केला होता आणि बॅगेत चार डबे गजक, म्हणजे तिळाची खुसखुशीत वडी, भरून ठेवली होती.

“तिथे समुद्र आहे. दमट हवेत गजक लिबलिबीत होते,” आई म्हणाली.

“टेंशन नको घेऊ आई. मी सगळं गूगल केलंय.”

फक्त सहावा मुलगा कांजिण्यांनी आडवा होईल, हे तिनं गूगल केलं नव्हतं. सहापेक्षा कमी मुलं असली तर ॲप वर्गच सुरू करत नव्हतं. शेवटी ती आजोबांकडे गेली. जगदेवराव फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते आणि त्या वेळी आरामखुर्चीत बसून पंख्याकडे पाहत होते.

“आबासाहेब, एक फॉर्म भरायचाय. तुमचं नाव टाकू? बस एका दिवसासाठी.”

“फौजेत भरती?”

“वाचनात.”

“टाक. पण नाव पूर्ण लिही.”

तिनं पूर्ण नाव लिहिलं. वयाच्या चौकोनात ७८ लिहिलं. ॲप म्हणालं, ‘कृपया योग्य वय लिहा. चार ते बारा.’ अनसूयेनं थोडा विचार करून सात पुसला. उरलेलं वय ॲपला योग्य वाटलं.

वर्ग सुरू झाला. नियमाप्रमाणे प्रत्येकानं पहिली गोष्ट मोठ्यानं वाचायची होती. जगदेवरावांनी चष्मा लावला आणि परेडच्या आवाजात ‘मनी आणि तिची पिल्लं’ वाचून काढली. फोनमधून टाळ्या आल्या आणि एक गोड आवाज म्हणाला, “शाब्बास, छोट्या दोस्ता! आजपासून तू ससा!”

जगदेवरावांनी फोन हातभर लांब धरला.

“हा कोणाला ससा म्हणतोय?”

“ती लेव्हल आहे, आबासाहेब. पहिले ससा, मग हरीण, मग लांडगा, मग वाघ.”

“आपल्या घराण्यात ससा कोणी झालेलं नाही.”

“अहो उद्या काढूनच टाकते ना नाव!”

“ससा म्हणून काढतेस?” जगदेवराव खुर्चीत सरळ बसले. “राहू दे नाव. हरिणाला किती गोष्टी लागतात?”

संध्याकाळपर्यंत ते हरीण झाले. दुसऱ्या दिवशी साडेचारला उठून, तोंड धुऊन त्यांनी ‘चिंगीची छत्री’पासून ‘ढगांची शाळा’पर्यंत अकरा गोष्टी वाचल्या आणि नाश्त्याला लांडगा म्हणून आले. आईनं त्यांना जिलेबी वाढली.

इथपर्यंत गोष्ट घरातच होती. पण जगदेवराव रोज फूलबागेत फिरायला जात आणि तिथे त्यांना दौलतगंजचे महिपतराव भेटत. दोघं एकाच पलटणीत होते आणि पन्नास वर्षं एकमेकांना कमी लेखत आले होते.

“चेहऱ्यावर काय तेज आलंय रे! कुठला काढा घेतोस?” महिपतरावांनी विचारलं.

“काढा नाही. लांडगा झालो.”

महिपतरावांनी सगळं ऐकून घेतलं, तिथूनच परत फिरले आणि थेट मधूच्या दारात जाऊन उभे राहिले. मधूच्याही वर्गात एक जागा रिकामी होती, कारण एक मुलगी मामाकडे इंदूरला गेली होती. महिपतरावांचं वय एक्याऐंशी. मधूला एक पुसावा लागला. म्हणजे तेही आठच वर्षांचे झाले.

‘वाचघडी’त मात्र प्राण्यांऐवजी पक्षी होते आणि पहिली पायरी होती अंडं. दुसऱ्या दिवशी फूलबागेत जगदेवराव इतके हसले, की त्यांना बाकावर बसवून पाणी द्यावं लागलं. त्या बाकावर आणखी चार पेन्शनर होते. त्यांनी कारण विचारलं. कारण कळल्यावर ते सगळे आपापल्या घरी गेले आणि नातवंडांकडून फोन मागून घेतला.

खरं तर ते फोन त्यांचेच होते. वाचनालयातली मुलं आजोबांच्या फोनवरच वाचत असत. आता आजोबा मुलांच्याच नावावर वाचू लागले आणि मुलं गल्लीत क्रिकेट खेळू लागली. याबद्दल कोणाची तक्रार आली नाही, मुलांची तर मुळीच नाही. बळवंतच्या कांजिण्या बऱ्या झाल्या. तो आपली जागा परत मागायला गेला, तर जगदेवराव म्हणाले, “तू अजून आराम कर.”

आठव्या दिवशी विजयाबाईंनी समितीपुढे अहवाल वाचला.

“दोन्ही शाखांची प्रगती थक्क करणारी आहे. गोरखीची मुलं पहाटे साडेचारला वाचायला बसतात.”

“दौलतगंजची सव्वाचारला,” मधूचे आजोबा लक्ष्मीकांतराव म्हणाले. ते समितीचे चिटणीस होते आणि गेल्या तीन दिवसांपासून पोपट होते.

“मात्र दुपारी एक ते चार दोन्हीकडे वाचन पूर्ण थांबतं. असं का होत असेल?”

“मुलं झोपत असतील,” लक्ष्मीकांतराव गंभीरपणे म्हणाले.

“शिस्त आहे,” विजयाबाईंनी तशी नोंद केली. एकीकरण सुरू झाल्यापासून दोन्ही शाखांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

अनसूया खाली मान घालून बसली होती. तिच्या सहा वाचकांपैकी पाच जणांना नातवंडं होती आणि सहाव्याला पतवंड. बाहेर आल्यावर तिनं मधूला जिन्यात गाठलं.

“यार, एक बात बता. तुझ्याकडे खरे किती आहेत?”

“खरे मतलब?”

“मतलब दुधाचे दात वाले.”

मधूनं इकडेतिकडे पाहिलं. “एकही नाही. तुझ्याकडे?”

“एक होता. काल पणजोबांनी त्याची आयडी घेतली.”

“मग सांगून टाकायचं का?”

“तू सांग ना पहिले.”

“वा! मी का सांगू? तूच सांग. वक्तृत्वात पहिली तू आलीस.”

दोघींपैकी कोणीही सांगितलं नाही. सांगितलं तर मॉरिशस हातचं जाणार, हे दोघींनाही ठाऊक होतं.

मधेच पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी आला. ओसरीवर जगदेवराव ‘उंदराचं लग्न’ वाचत होते.

“बाबूजी, ये बच्ची आपकी पोती है?”

जगदेवरावांनी एक बोट वर केलं. “रुकिए. वरात निकल गई है. दो पन्ने बाकी हैं.”

पोलीस दोन पानं थांबला. मग तिसरंही ऐकलं. जाताना त्यानं अनसूयेला हळूच विचारलं, “चूहे की शादी हुई के नहीं?” आणि कागदावर शिक्का मारला. आता पासपोर्टही येणार होता.

पंधरावा दिवस रविवार होता. शालिनीताईंनी कळवलं, की अहवाल फार आवडला, आता वाचणाऱ्या मुलांशी व्हिडिओवर बोलायचंय. अनसूया आणि मधूनं शनिवारी गल्लीतून बारा मुलं जमवली, त्यांच्या केसांवरून कंगवे फिरवले आणि एकेकाला चॉकलेट दिलं. पण दोन्ही ॲप तत्पर होती. विजयाबाईंनी वेळ नोंदवताच त्यांनी सगळ्या वाचकांना निरोप धाडला होता, ‘छोट्या दोस्ता, रविवारी अकरा वाजता दूरच्या मित्रांशी गप्पा! स्वच्छ कपडे घालून ये!’

रविवारी अकराला हॉलात बारा वृद्ध हजर होते. कपडे स्वच्छ होते. जगदेवरावांनी कोटावर मेडल लावली होती. महिपतराव फेटा बांधून आले होते आणि त्यांच्या पाठीमागे कोणाला काही दिसत नव्हतं. चॉकलेट मिळालेली बारा मुलं आलीच नाहीत, त्यांची मॅच होती.

“ही आजोबा मंडळी मुलांना सोडायला आली का?” विजयाबाईंनी विचारलं.

तेवढ्यात पडद्यावर शालिनीताई दिसल्या. त्या इतकं स्वच्छ, इस्त्रीच्या घडीसारखं मराठी बोलत, की सगळा हॉल नकळत सरळ बसला.

“नमस्कार. मला सर्वप्रथम जगदेव यांना भेटायचे आहे. आठव्या वर्षी पंधरा दिवसांत दोनशे सहा गोष्टी! कुठे आहे तो बालक?”

जगदेवराव उठले, टाचा जुळवल्या आणि सलाम केला.

“हजर!”

हॉलात दोन्ही घड्याळांची टिकटिक वेगवेगळी ऐकू आली.

अनसूयेला समोर मॉरिशस दिसत होतं आणि ते लांब लांब जात होतं. ‘मुलगा आजारी आहे’ म्हणता आलं असतं. ‘नेटवर्क नाही’ म्हणता आलं असतं. पण आबासाहेब अजून सलाम धरून उभे होते. त्यांना आता गप्प बसायला सांगितलं असतं तर मेडलांसकट खाली बसावं लागलं असतं.

“ताई, हे माझे आबासाहेब,” ती उठून म्हणाली. “अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मी सात पुसला. बाकीचे पण असेच आहेत. मुलं कोणीच नाही वाचली. सॉरी.”

विजयाबाईंनी लक्ष्मीकांतरावांकडे पाहिलं. लक्ष्मीकांतराव छताकडे पाहू लागले.

शालिनीताईंनी अहवालाचे कागद चाळले. मग म्हणाल्या, “वय खोटे होते, हे वाईट झाले. दोनशे सहा गोष्टी खऱ्या आहेत ना?”

“एकूण एक!” जगदेवराव म्हणाले. “कुठलीही विचारा. ‘चिंगीची छत्री’ विचारा.”

“नंतर विचारते. अहवालात स्वयंसेविकांचेही रकाने आहेत. अनसूया, शून्य मिनिटे. मधु, शून्य मिनिटे. तुम्ही दोघींनी काय वाचले?”

अनसूयेनं आठवून पाहिलं. तिनं सूचना वाचल्या होत्या. व्हिसाचे नियम वाचले होते, एका विमान कंपनीचा सामानाचा तक्ताही वाचला होता. त्यातलं काहीच मराठीत नव्हतं.

“मुलांचे मी पाहीन,” शालिनीताई म्हणाल्या. “मला वाचणारी मुलगी हवी आहे. एक-एक पान वाचून दाखवा.”

मधूनं पुस्तक उघडलं, एक ओळ वाचली, दुसरीत अडकली आणि “आवाज कट होतोय बहुतेक” म्हणत फोन आणायला बाहेर गेली. ती परत आली नाही. अनसूयेनं मात्र वाचायला घेतलं. भाषणं ती पाठ करून करत असे आणि शाळेत सगळं हिंदीत होतं. चौथ्या ओळीला ती थांबली. बारा वृद्धांनी एका सुरात पुढचा शब्द सांगितला. सहाव्या ओळीला पुन्हा सांगितला. तिचे कान लाल झाले, पण तिनं पुस्तक खाली ठेवलं नाही. पान संपायला नऊ मिनिटं लागली.

“खरे तू आधी सांगितलेस आणि वाचन अर्ध्यात सोडले नाहीस,” शालिनीताई म्हणाल्या. “म्हणून तुला घेते. पण एका अटीवर. जायच्या दिवसापर्यंत रोज चाळीस पाने मोठ्याने. रोज एका जबाबदार व्यक्तीची सही. सही करायला तिथे कोणी मिळेल का?”

बारा हात वर झाले.

समितीनं त्याच बैठकीत दोन्ही ॲप मंजूर केली, कारण घड्याळंही दोन्हीच ठेवायची असं ठरलं होतं. वाचनालयाच्या पाटीवरचा ‘बाल’ हा शब्द तूर्त कागद चिकटवून झाकावा, असा ठरावही झाला. बळवंतला त्याची जागा परत मिळाली की नाही, हे इतिवृत्तात नाही.

सोमवारी सकाळी साडेचारला अनसूयेच्या अंगावरची चादर ओढली गेली. जगदेवराव हातात पुस्तक आणि सहीचा कागद घेऊन उभे होते. ओसरीवर महिपतराव आधीच येऊन बसले होते. ते फक्त ऐकायला आले होते, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

अनसूयेनं डोळे चोळत पहिलं पान काढलं आणि पुटपुटत सुरुवात केली.

“पुन्हा,” जगदेवराव म्हणाले.

“आबासाहेब, सगळे झोपलेत अजून!”

“असू देत. मॉरिशसला जायचंय ना? मग आधी आवाज तरी पोचू दे तिथे.”