तपासणीच्या पलीकडे गेलेली थैली

माझ्या नजरेतून आजवर काही सुटलेलं नाही. जे सुटलं असेल ते सुटण्याच्याच लायकीचं असणार. शाळेत मी चौथीपर्यंत गेले. पुढे मला शिकवण्यासारखं शाळेकडे काही उरलं नाही, म्हणून घरी आले आणि शिवणयंत्रावर बसले. माणसाच्या अंगाचं माप घेता घेता मनाचं माप कधी घ्यायला लागले ते मलाच कळलं नाही. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की ते कमरेचा घेर किती इंच चोरून सांगणार आहे, हे मला पायरीवरच दिसतं. अशा बाईला गुप्तहेर म्हणतात. लोक म्हणत नाहीत, हा लोकांचा दोष.

माझी कीर्ती झाली ती चमच्यांच्या प्रकरणात. आमच्या घरातले चमचे एकेक करून नाहीसे व्हायला लागले, तेव्हा मी शेजारणीकडे चहाला जाऊन तिचे सगळे चमचे उलटसुलट करून पाहिले. तेव्हापासून तिने मला चहाला बोलावलेलं नाही. याहून मोठा पुरावा कोणता हवा? चमचे पुढे आमच्याच स्वयंपाकघरात, मी रचून ठेवलेल्या ताटल्यांच्या मधे सापडले. घाबरून परत आणून ठेवले असणार. सूनबाई त्यावर काहीतरी बोलायला गेली होती, पण मी तिला बोलू दिलं नाही. मदतनिसाने मदत करावी, मत देऊ नये.

मदतनीस म्हणजे सूनबाईच. कार्यालयात दहा जण तिला मॅडम म्हणतात. माझ्याबरोबर असली की ती पिशव्या धरते.

तर, धाकट्या लेकीचं पहिलं बाळंतपण. बाळ आडवं, त्यामुळे ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी. लेक फोनवर रडत म्हणाली, "आई, तू दिसल्याशिवाय मी त्या खोलीत पाऊल टाकणार नाही. आणि तुझी मोठी कात्री आण. बाळाचं पहिलं अंगडं तू इथे बसून कापायचंस." जावई दौऱ्यावर, तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्या दिवसाचं विमान एकच. ते चुकलं असतं तर माझी पोर एकटी आत गेली असती, किंवा हट्टाने गेलीच नसती. ती माझी लेक आहे, त्यामुळे दुसरी भीती जास्त.

विमानतळावर मोठ्या बॅगा आधीच आत गेल्या. मग आली ती तपासणीची रांग. सगळे शहाणेसुरते लोक घड्याळं, चपला, फोन काढून ट्रेमध्ये ठेवत होते. मी माझी थैली ठेवली. करड्या कापडाची, घरी शिवलेली. एका साहेबांच्या विजारीचं उरलेलं कापड होतं. रंग असा मळखाऊ की दहा वर्षं धुतली नाही तरी चालेल. तिच्यात माझं ओळखपत्र आणि विमानात चढायचा पास.

"आई, पास हातात ठेवा," सूनबाई म्हणाली.

"हातात ठेवलेली वस्तू चोर आधी बघतो," मी म्हणाले.

आमच्या पुढे एक गृहस्थ होते. पोट पुढे, आवाज त्याच्याही पुढे. कमरेचा बेल्ट सोडता सोडता ते अख्ख्या रांगेला ऐकवत होते, "लोक उगाच कुरकुर करतात हो! या यंत्रातून मुंगी सुटत नाही, मुंगी! दोन मिनिटं उभं राहिलं तर बिघडलं काय? नियम आहेत म्हणून आपण सुखरूप आहोत."

"पण ज्याला खरंच काही करायचंय," सूनबाई म्हणाली, "तो नियम वाचूनच येणार ना? सापडतो तो आमच्यासारखा. ज्याला माहीतच नसतं की मलमाची ट्यूब मोठी झाली की तिचा बॉम्ब होतो."

"मॅडम, तुमच्यासारख्या शिकलेल्या बायका असं बोलतात म्हणून तर..."

"यंत्राला वस्तू दिसते," मी निकाल दिला, "नियत दिसत नाही. त्यासाठी माझ्यासारखं कुणीतरी बसवायला हवं खुर्चीवर."

माझा निकाल त्यांना पटला असणार, कारण दोघंही एकदम दुसरीकडे बघायला लागले.

मी तपासणीच्या चौकटीतून गेले आणि चौकट किंचाळली. तपासणीवाल्या बाईने माझ्या अंगावरून दांडा फिरवला. अंबाड्यापाशी दांडाही किंचाळला. अंबाड्यातले आकडे एकेक करून निघाले. केस मोकळे सोडून मी आयुष्यात प्रथमच चारचौघांत उभी राहिले. मग माझी हातपिशवी बाजूला ओढली गेली.

"आजी, ही पिशवी तुमची? यात कात्री आहे."

"शिवणकाम करणाऱ्या बाईच्या पिशवीत कात्री नसेल तर काय तलवार असेल?"

तिने दोरे कापायची माझी चिमुकली कात्री काढली, करंगळीएवढी. मग गुडघ्याचं मलम काढलं. ट्यूब उलटी, सुलटी करून पाहिली. "मोठी आहे. चालणार नाही."

"अर्धी संपलीय."

"ट्यूब मोठी आहे."

"मग संपलेला अर्धा भाग ठेव, उरलेला मला दे."

तिने दोन्ही वस्तू डब्यात टाकल्या आणि पिशवी पुन्हा यंत्रातून काढायला गेली. मी पट्ट्याच्या टोकाशी उभी राहिले. तिथे काय पसारा! रिकामे ट्रे वेडेवाकडे, एकमेकांवर चढलेले, लोक आपापलं उचलून पळतायत. बघवेना मला. हात रिकामे राहिले की माझा जीव घाबरा होतो. उभ्या उभ्या मी तेवढं आवरून टाकलं. इतक्यात पिशवी आली, आणि मी माझी थैली घ्यायला वळले.

थैली नव्हती.

पट्ट्यावर नाही, खाली नाही, सूनबाईकडे नाही. पास गेला, ओळखपत्र गेलं. पोरीचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि मी जवळच्या बाकाकडे वळले.

पण गुप्तहेराला बसून चालत नाही. मी सुई ओवायचं भिंग बाहेर काढलं.

पहिला संशय पोटवाल्या गृहस्थांवर गेला. तपासणी होऊन इतका वेळ झाला तरी माणूस जागचा हलत नव्हता. दोन्ही हात कमरेशी गच्च, चेहरा घामाघूम. विजारीत काहीतरी दडवलेलं होतं, यात शंका नाही.

"हात वर करा," मी म्हणाले.

"नाही करता येत."

"का नाही करता येत?"

"बाई, तुम्ही कोण?"

"मी कोण ते नंतर. आधी हात वर!"

त्यांनी एक हात वर केला. विजार एक वीत खाली आली. त्यांनी हात परत खाली आणला. "माझा बेल्ट गेलाय," ते दातओठ खात म्हणाले. "ट्रेमध्ये ठेवला होता, आता नाही. कसली डोंबलाची यंत्रं! मुंगी पकडतात म्हणे! बेल्ट सांभाळता येत नाही आणि देश सांभाळणार!"

तिकडून काळा चष्मा लावलेल्या एक बाई आल्या. त्यांचा रेशमी रुमाल नाहीसा झाला होता. म्हणजे एक थैली, एक बेल्ट, एक रुमाल. माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला.

"टोळी आहे," मी सूनबाईला म्हणाले. "रुमालाने तोंड बांधायचं, बेल्टने हात बांधायचे, माझ्या पासावर विमानात बसायचं. सगळा बेत जुळला बघ."

"आई, तुमच्या पासावर बसायला चोराला आधी तुमच्यासारखं दिसावं लागेल."

"म्हणूनच रुमालाने तोंड बांधणार ना!"

तिने कपाळाला हात लावला.

दुसरा संशय पडद्यासमोर बसलेल्या माणसावर. तो पापणीही न हलवता पडद्याकडे बघत होता. प्रत्येकाच्या पिशवीत काय आहे ते जगात फक्त त्यालाच कळतं. मी मागून जाऊन भिंगातून त्याला निरखलं. जवळ गेल्यावर कळलं, तो उघड्या डोळ्यांनी पेंगत होता. तरी नाव मी मनातून खोडलं नाही. ढोंगही असू शकतं.

तिसरा तर्क सगळ्यांत पक्का होता: थैली यंत्रानेच गिळली. शिवणयंत्रात दोरा अडकतो, यात थैली अडकली. मी यंत्राच्या तोंडावरच्या रबरी झालरी बाजूला सारल्या आणि भिंगासकट हात आत घातला. पट्टा थांबला. लाल दिवा लागला. पेंगणारा माणूस जागा होऊन ओरडला, "कोणाचा हात आहे हा?"

"माझा! आणि तो आपली वस्तू शोधतोय, तुमच्यासारखी झोप काढत नाही!"

तपासणीवाल्या बाईने मला दंडाला धरून मागे ओढलं. "आजी, आत हात घालायला मनाई आहे!"

"मग तुम्ही घाला. चार कॅमेरे लटकवलेत ना छताला? दाखवा त्यातलं."

"त्याला साहेबांची परवानगी लागते."

"बोलवा साहेबांना."

"साहेब जेवायला गेलेत."

"म्हणजे चोराने साहेबांच्या जेवणाची वेळ साधली तर?"

विजारवाल्या गृहस्थांनी टाळी वाजवायला हात उचलले आणि वेळीच आवरले. तेवढ्यात वरच्या भोंग्यातून आमच्या विमानाची शेवटची हाक आली. उरलेल्या प्रवाशांनी ताबडतोब दाराशी यावं. उरलेले प्रवासी म्हणजे आम्हीच.

इतका वेळ माझं डोकं झरझर चाललं होतं. ते एकदम बंद पडलं. "सूनबाई," मी म्हणाले, "तू जा. निदान तू तरी तिच्याजवळ राहा. तिला सांग, आई येते आहे."

सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. मग त्या पट्ट्याच्या टोकाकडे पाहिलं, जिथे आता सगळं कसं चकचकीत, मोकळं दिसत होतं. आणि तिच्या चेहऱ्यावर तो भाव आला, जो चमच्यांच्या वेळी आला होता.

"आई, इथे ट्रे होते ना? ते कोणी रचले?"

"मी. एवढा पसारा कोणाला बघवतो?"

"रिकामे करून रचले?"

"रिकामेच होते ते! काळे-करडे ट्रे, काळा-करडा तळ. आत काही दिसत नव्ह..."

सूनबाई पिशव्या टाकून धावली. माझ्या हातचा सरळसोट मनोरा कुणीतरी ढकलत रांगेच्या सुरुवातीला नेऊन ठेवला होता. वरचे थोडे लोकांनी उचलले होते, बाकीचा तसाच उभा होता. तिने एकेक ट्रे उचलला. काळ्या ट्रेमधून काळा बेल्ट निघाला. मग रेशमी रुमाल, तोही काळाच, इस्त्री केल्यासारखा सपाट. आणि अगदी खाली, करड्या ट्रेमध्ये करडी थैली.

तपासणीवाल्या बाईने माझ्याकडे पाहिलं. काळ्या चष्म्याच्या बाईंनी चष्मा काढून पाहिलं. गृहस्थांनी बेल्ट आवळला आणि त्यांचं मत लगेच जाग्यावर आलं. "बघा! शेवटी सगळं सापडलं की नाही? व्यवस्था आहे म्हणून!"

"प्रकरण मिटलं," मी म्हणाले. "टोळीचा बेत मी उधळला. धावा आता."

मोकळ्या केसांनिशी मी ज्या वेगाने धावले, तो गुडघ्यांनी अजून मला माफ केलेला नाही. दार लागता लागता आम्ही आत शिरलो.

विमान धावपट्टीकडे सरकायला लागलं. पोरीला दाखवायचं अंगड्याचं कापड नीट आहे ना, म्हणून मी हातपिशवीतली कापडाची गुंडाळी जराशी उलगडली. आणि परत मिटली.

आत माझी मोठी कात्री होती. लोखंडी, कोपरापर्यंत लांब, एका फटक्यात आठ पदरी कापड कापणारी. मोठ्या बॅगेत ठेवते ठेवते म्हणत राहूनच गेली होती. यंत्रातून दोनदा गेली. करंगळीएवढी सापडली, ही नाही.

सूनबाईने गुंडाळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. रंग उडाला तिचा. "आई, सांगायला हवं त्यांना."

"सांगितलं तर विमान माघारी. मग सकाळी आत कोण जाईल तिच्याबरोबर?"

तिने पिशवी माझ्या पायांमध्ये सरकवली आणि स्वतःचाही एक पाय त्यावर ठेवला. त्या विमानात धोकादायक असं एकच माणूस होतं, आणि संपूर्ण प्रवासभर आम्ही दोघींनी त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवला. इतकी कडक सुरक्षा कुठल्या यंत्राने दिली नसती.

खाणं झाल्यावर शेजारच्यांचे ट्रे वेडेवाकडे पडले होते. माझा हात आपोआप तिकडे गेला.

"हात मांडीवर," सूनबाई म्हणाली.

मी ठेवला.

सकाळी लेक माझा हात धरून त्या खोलीच्या दारापर्यंत गेली. आत जाताना मागे वळून म्हणाली, "कात्री आणलीस?"

"आणली."

"सामानातून?"

मी सूनबाईकडे पाहिलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती, आणि तिचे खांदे हलत होते.

"तू जा आत," मी म्हणाले. "बाहेर आलीस की सांगते. हे प्रकरण जरा मोठं आहे."