हवा भरू नये

सायकलची शर्यत पायांनी नाही, टायरांनी जिंकतात, असं माधुरीबाईंनी रविवारच्या जेवणात जाहीर केलं आणि नवऱ्याच्या भातावर आमटी ओतली.

"हात जरा आखडता घे," कुमारराव म्हणाले. ते आमटीबद्दल बोलत होते. माधुरीबाई टायरांबद्दल बोलत होत्या, त्यामुळे दोघांचंही चालू राहिलं.

"पासलीच्या रानातली वाट सध्या कशी आहे? वर पिठासारखी माती आणि खाली नुसती मुळं! टणक टायर मुळावर गेलं की चेंडूसारखं उडतं. मऊ टायर मुळाला कवेत घेतं. म्हणून पुढचं टायर रुंद, मोठ्या दातांचं. मागचं बारीक दातांचं, पळायला हलकं. आणि हवा पुढं वीस पौंड, मागं बावीस. त्याच्या वर एक काटा नाही!"

हे सगळं समोर बसून छायावन्सं ऐकत होत्या. वन्सं म्हणजे कुमाररावांच्या थोरल्या बहीण, राहणार मार्गासनी. त्या बाजाराला भोरला आल्या, की भावाकडे जेवून जात. रोज पहाटे सायकलला दुधाचे कॅन लटकावून डेअरीवर जायची सवय, त्यामुळे पाय असे, की बैलानं हेवा करावा. शर्यतीत त्यांना माधुरीबाईंनीच ओढलं होतं. 'चाळिशीपुढच्या महिला' या गटात एकच नाव आलं, तर गटच रद्द करू, असं शर्यत भरवणारं पासलीचं मंडळ म्हणत होतं. दोन नावं झाली, गट वाचला.

"म्या पोराची ती गेरची सायकल घेऊन येते," वन्सं म्हणाल्या. "मला त्यातलं काय कळत न्हाई बाई. पायडल मारायचं ठावं."

"तेवढं पुरे, वन्सं," माधुरीबाई मायेनं म्हणाल्या. हरणाऱ्याशी माणूस मायेनंच बोलतं.

कुमाररावांनी मात्र संधी साधली. माधुरीबाईंची सायकल हॉलमध्ये टीव्हीशेजारी उभी असायची. नेमकी तिथं कुमाररावांना आरामखुर्ची हवी होती. "एक ठरवू," ते म्हणाले. "ताईच्या पुढं आलीस तर सायकल हॉलमध्ये, मी तोंडातून शब्द काढणार नाही. मागं राहिलीस तर सायकल ताईच्या गोठ्यात!"

"मंजूर!" माधुरीबाई म्हणाल्या. गोठ्यातल्या म्हशीशेजारी आपली सायकल उभी आहे, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर आलं, ते त्यांनी आमटीबरोबर गिळून टाकलं.

तयारी चोख झाली. दोन रविवार त्या पासलीच्या वाटेवर जाऊन आल्या. प्रत्येक फेरीला थोडी हवा सोडायची, मुळावर रिम ठक्कन वाजली की पुन्हा जराशी भरायची. असं करत करत आकडा पक्का केला. आता तो फक्त सांभाळायचा होता.

तिथंच घोटाळा झाला. आपल्याकडे उभी सायकल दिसली, की बाप्याचा अंगठा आपसूक टायरवर जातो. टायर दबलं, की त्याच्या काळजात कालवतं. आणि सायकल बाईची असली, तर मग त्याला विचारायचीही गरज वाटत नाही!

पहिला नंबर लावला तळमजल्यावरच्या बंडूभाऊंनी. माधुरीबाई सायकल जिन्याखाली ठेवून भाजी ठेवायला वर घरात गेल्या आणि खाली आल्या, तर बंडूभाऊ घाम पुसत उभे.

"वहिनी, चाळीस मारलीय! वाजवून बघा, घागरीसारखी वाजतीय!"

"अहो, कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पायजे? शेजारी कशासाठी असतात?"

दुसरा नंबर मार्गासनीच्या गेनूचा, पंक्चरवाल्याचा. माधुरीबाई त्याच्या शेजारच्या टपरीवर चहाला थांबल्या होत्या. "ताई, हवा न्हाई," गेनू म्हणाला. "मुद्दाम कमी ठेवलीय, शर्यतीसाठी," त्या म्हणाल्या. गेनूनं त्यांच्याकडं असं बघितलं, जसं आजारी माणूस 'मी ठणठणीत आहे' म्हणतो तेव्हा आपण बघतो. "व्हय, व्हय," म्हणाला. आणि त्या बिस्किट बुडवत असताना मोठ्या मशीनची नळी आणून दोन्ही चाकं दगडासारखी करून टाकली!

"अरे, मी नको म्हटलं ना!"

"लाजता कशाला, ताई? आपलंच दुकान हाय."

माधुरीबाई संतापल्या. भोरमधल्या एका पतसंस्थेच्या त्या शाखाधिकारी. सगळ्या गावाच्या ठेवी त्यांच्या भरवशावर, आणि त्यांच्या स्वतःच्या टायरातली हवा मात्र त्यांच्या भरवशावर नाही! हा काय न्याय झाला? त्यांनी पुठ्ठा कापला, ठळक अक्षरांत लिहिलं, 'हवा मुद्दाम कमी केली आहे. भरू नये', आणि तो दांड्याला बांधून सायकल शाखेबाहेर उभी केली.

दुपारी पतसंस्थेचे जुने सभासद कुंडलिकराव केबिनमध्ये शिरले. मिशा थरथरत होत्या.

"मॅडम, कुणी केलं हे? नाव सांगा फक्त!"

"काय केलं?"

"तुमची हवा मुद्दाम कमी केली त्यानं! वर पाटी लावून धमकी देतो, भरू नये म्हणून! बाईमाणसाच्या सायकलीवर मर्दुमकी? म्या भरलीय हवा. बघू कोण काय करतो!"

माधुरीबाईंनी कपाळाला हात लावला. कुंडलिकरावांना वाटलं, मॅडम गहिवरल्या. ते संध्याकाळपर्यंत सायकलपाशी राखण करत बसले.

शर्यतीच्या दिवशी माधुरीबाई पासलीत पोचल्या, त्या कुणाशी हसल्यासुद्धा नाहीत. सायकल जांभळाच्या झाडाला टेकवली, हवा मोजायचा काटा लावला. पुढं वीस. मागं बावीस. दोन पावलं चालायच्या आणि वळून बघायच्या. पण छातीवरचा नंबर घ्यायला मांडवात जावंच लागलं. परत आल्या तर मंडळाचे माऊली, डोक्याला फेटा, शर्टाला स्वयंसेवकाचा बिल्ला, त्यांच्या मागच्या चाकाला पंप लावून मनोभावे खालीवर होत होते!

"सोडा!" माधुरीबाई ओरडल्या. तिकडं भाषण करणारे पाहुणे दचकून थांबले.

"ताई, हवा कमी..."

"कमीच पाहिजे! कमीच! माझं चाक, माझी हवा, माझी शर्यत! तुम्हाला काय वाटतं, बाईला एवढंही कळत नाही?"

त्यांनी माऊलींच्या हातातला पंप हिसकावून घेतला. माऊली फेटा सावरत चार पावलं लांब जाऊन उभे राहिले. माधुरीबाईंनी पुन्हा काटा लावून हवा बरोबर केली आणि दम खात उभ्या राहिल्या. शेजारीच वन्संची सायकल होती. वन्सं ओळखीच्या बायकांत चहा पीत होत्या.

आता यात माधुरीबाईंचा काही दोष नाही. हातात पंप होता. अंगठा रिकामा होता. तो वन्संच्या टायरवर गेला.

टायर दबलं! चांगलं मऊ लागलं!

माधुरीबाईंच्या काळजात कालवलं. अरेरे, बिचाऱ्या वन्सं! पोराची सायकल उचलून आणलेली, हवा बघायचं कुठून सुचणार? अशा चाकावर त्या हरल्या, तर उद्या चारचौघांत म्हणतील, भावजयीनं बघितलं आणि सांगितलंसुद्धा नाही. जिंकायचं तर सरळ जिंकावं. त्यांनी पदर खोचावा तसा टी-शर्ट सारखा केला आणि वन्संच्या दोन्ही चाकांत हवा मारली, जिवाला बरं वाटेपर्यंत. वाजवून बघितली. घागरीसारखी वाजली.

शिट्टी झाली. सुरुवातीचा टप्पा भाताच्या मोकळ्या खाचरांचा. तिथं वन्संनी डेअरीचे पाय दाखवले! माधुरीबाईंना त्यांची पाठ दिसली, मग धूळ दिसली, मग म्हैस दिसली. म्हैस गोठ्यातली, मनातली. तेवढ्यात रान लागलं आणि मुळं सुरू झाली.

आणि माधुरीबाईंची चाकं मुळांवरून अशी गेली, की सायीवरून चमचा जावा! टायर दबत होतं, धरत होतं, सोडत होतं. वीस-बावीसचा आकडा किती खरा होता! असा आनंद त्यांना पदोन्नतीतसुद्धा झाला नव्हता. समोर बघतात तर वन्सं. तापल्या तव्यावरच्या ज्वारीच्या लाहीसारख्या उडत होत्या! प्रत्येक मुळावर सायकल एकीकडं, वन्सं एकीकडं, आणि तोंडानं "अगं बया! अगं बया!" वळणावर सायकल डावीकडं वळली, वन्सं सरळ गेल्या. करवंदीच्या जाळीत!

"वन्सं! लागलं का हो?"

"पाय मुरगाळला! आन् तू थांबू नको, जा म्होरं!" जाळीतून आवाज आला. "शर्यतीत कसलं नातं!"

माधुरीबाई पुढं गेल्या. जिंकल्या. हार पडला. गटात दोघीच असल्यानं वन्संनाही दुसरा नंबर मिळाला. तो घ्यायला त्या टेम्पोतून आल्या. घोटा नारळाएवढा.

"कुणा मुडद्यानं माज्या चाकात हवा मारली?" त्या टेम्पोतूनच गरजल्या. "म्या मुद्दाम कमी केली हुती! माधुरीनं जेवताना सांगितलं तशी, पुढं वीस, मागं बावीस! काटा मागून आणला हुता मी! मला काय अक्कल न्हाई व्हय? कोण हाय तो?"

माधुरीबाईंनी गळ्यातला हार सारखा केला. तो सारखाच होता.

"सांगू?" माऊली पुढं झाले. फेटा अजून जरा तिरकाच होता. "या ताईंनी मारली. माज्या हातातला पंप वडून घेतला आन् तुमच्या चाकाला लावला. म्या ह्या डोळ्यांनी बगितलं."

"अहो, कमी होती म्हणून..." माधुरीबाई म्हणाल्या आणि पुढचं गिळलं. पासलीच्या बायका एकमेकींकडं बघून तोंडाला पदर लावू लागल्या.

"भावजय हाय माजी," वन्सं टेम्पोतूनच सगळ्यांना म्हणाल्या. "लई शिकलेली."

कुमारराव शब्दाला जागले. "सायकल हॉलमध्येच राहील," म्हणाले. फक्त डॉक्टरांनी वन्संना महिनाभर पाय खाली टेकवायचा नाही, असं सांगितलं होतं, आणि महिनाभर पाय वर करून बसायला बाईला माहेराशिवाय जागा नसते. टीव्हीसमोर खाट आली. पाय उशीवर नीट राहीना. मग कुमाररावांनाच सुचलं. सायकल खाटेच्या पायगतीला आडवी उभी केली, सीटवर गोधडीची घडी घातली. वन्संचा पाय तिथं असा बसला, जसा काही त्याच्यासाठीच ती सीट घडवली होती. सायकल आता हलवायची नाही, असं डॉक्टर म्हणाले नव्हते. वन्सं म्हणाल्या.

माधुरीबाई शाखेतून येतात, पर्स ठेवतात.

"माधुरे, पाय जरा उंच व्हतोय. हवा सोड बरं थोडी."

माधुरीबाई खाली बसून हवा सोडतात.

"बास, बास! आता लई खाली गेला. भर."

माधुरीबाई पंप लावतात. काटा कपाटात ठेवून दिला आहे. वन्सं म्हणतील तेवढी हवा!