झिंगराजींची पाहुणी

वैशाखात अमरावतीतली माणसं सावली शोधत फिरतात. आमचे शेजारी झिंगराजी मात्र उघड्या डोक्यानं उन्हात बसत आणि घरातला एकुलता एक वाळ्याचा पडदा अंगणातल्या कुंडीपुढे लावत. मधूनमधून उठून त्यावर पाणी शिंपडत. कोणी हसलं की म्हणत, "पाव्हणी हाय ना थे."

पाहुणी म्हणजे वीतभर उंचीचं रोपटं. गोल, कातरल्या कडांची पानं, बस्स. कापूस खरेदी करणारा एक गोरा साहेब मायदेशी परतताना मडमेच्या बागेतलं हे रोप झिंगराजींना देऊन गेला. त्याच्या कापसाच्या बैलगाड्या झिंगराजीच हाकत. याला पोवळ्याच्या रंगाची, इवल्या घंटांसारखी फुलं येतात, असं साहेबानं सांगितलं होतं. तेव्हापासून तिचं नाव पोवळी.

ते दिवसच स्वप्नातले होते. सातासमुद्रापलीकडे कुठंतरी लढाई लागली होती आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. लोकांनी परसातली वांगी उपटून कापूस लावला. सरकी काढणारे रेचे दिवसभर कुरकुरत आणि हवेत कापसाचा भुरा तरंगे; पापण्यांवर बसे, वरणात पडे. दुपारी गल्लीत पाहिलं की सगळं गाव झोपेत चालल्यासारखं वाटे. झिंगराजींच्या अंगणात तेवढा कापूस नव्हता. "पोवळीले भुरा सोसत नाई," म्हणत ते एकेक पान ओल्या फडक्यानं पुसत.

तीन वर्षं झाली, फूल काही आलं नाही. त्यांच्या पत्नी पारबतीबाई रोज सकाळी कुंडीशी वाकून पाहत आणि आत जात. तेवढा वेळ झिंगराजी गोठ्यात उगाच काहीतरी शोधत राहत.

मी शाळामास्तर; गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. हिवाळा लागला की झिंगराजी पोवळीवर एक लहानसं दुपटं पांघरत. मी त्याला बाहुलीचं पांघरूण म्हणे. एकदा त्यांना म्हटलं, "झिंगराजी, हिच्या देशात बर्फ पडतो. हिला थंडी हवीच असेल."

"म्हून तं थे लोकं इकडे पळून येऊन राह्यले ना, मास्तर. तुमी पोरं शिकवा. पाव्हणीचं मी पायतो."

माझा भूगोल तिथंच संपला.

पुढच्या पौषात आम्हाला मुलगी झाली. थंडी मी म्हणत होती. गावभर कापूस, पण गोधडीत भरायला मूठभर मिळेना. सगळा गठ्ठ्यांत बांधून मुंबईच्या वाटेला लागलेला. तिसऱ्या दिवशी सकाळी झिंगराजी दारात उभे. हातात ते दुपटं, धुऊन वाळवलेलं.

"पोरीले घाला."

"आणि पोवळी?"

"तिले मी समजावलं."

ते गेल्यावर माझ्या बायकोनं दुपट्यावरचे बारीक टाके पाहिले आणि तिचे डोळे भरून आले. पारबतीबाईंनी ते आपल्या बाळासाठी शिवलं होतं, ती म्हणाली. बाळ बारशापर्यंतही राहिलं नव्हतं. बाहुलीचं पांघरूण म्हणणारा मी. मला माझीच लाज वाटली.

पौष आणि माघ पोवळीनं उघड्यावर काढले. झिंगराजी घोंगडी घेऊन तिच्याशेजारी बसत, पण भारानं पानं मोडतील म्हणून ती तिच्यावर घालत नसत. या वर्षी ती हातची जाणार, असं त्यांनी मनाशी धरलंच होतं.

चैत्रात एका सकाळी कुंपणापलीकडून हाक आली, "मास्तर, पोरीले घेऊन या."

दोऱ्याएवढ्या बारीक दांड्यावर पोवळ्याच्या सात घंटा हलत होत्या. पारबतीबाईंनी माझी लेक मांडीवर घेतली आणि फुलांसमोर बसल्या. किती वेळ त्या एकदा फुलांकडे, एकदा दुपट्याकडे पाहत होत्या.

"थंडीच पायजे होती तिले," झिंगराजी हळूच म्हणाले. "मीच झाकून ठेवलं."

त्या दिवशी मात्र मला गप्प बसता आलं.

ऊन चढलं. झोपलेल्या पोरीनं तोंड वाकडं केलं. झिंगराजींनी कुंडीपुढचा वाळ्याचा पडदा सोडवला आणि पोरीच्या बाजूनं लावला. मग पोवळीवर ऊन येऊ नये म्हणून स्वतः उन्हाला आडवे उभे राहिले. पोर जागी होईपर्यंत ते तसेच उभे होते.