हळदीतून नणंद वजा

दुसऱ्याच्या मांडवात उभं राहून स्वतःचा हुकूम सोडायचा, ही मैनावन्सची खोडच होती. आज कुंदनच्या हळदीत तर कहर झाला. "मांडवाचं तोंड चुकलंय," असं रोडपालीच्या पाहुण्यांदेखत सांगून त्यांनी अर्धा मांडव सोडायला लावला. नवऱ्या मुलाची आई आपण, की ही नणंद? हौसाबाई तडक आत गेल्या.

"जावई, लग्नाची समदी नावं तुमच्या कंपुटरात हायेत ना? मैनीला काढा त्यातनं!"

जावई शैलेश खारघरच्या कंपनीत वेबसाइट बनवायचा. मेव्हण्याच्या लग्नाचीही त्याने हौसेने बनवली होती. तिच्यातली पाहुण्यांची यादी अशी, की जो ज्याच्यामुळे नात्यात आला, त्याचं नाव त्याच्याखाली.

"आई, आत्यांना काढलं तर त्यांच्याखालचे सगळे जातील."

"जाऊद्यात. हाय कोन तिच्याखाली? दोन पोरं, ती बी नुसती खायला."

शैलेशने बटण दाबलं.

मांडवात एकदम मोबाइल वाजू लागले. हळद कुटणाऱ्या बायकांचे, बँजोवाल्यांचे, सगळ्यांचे. नाव पुसलं की निरोप आपोआप जावा, ही सोयही जावयाचीच! कुंदन पिवळ्या अंगाने आत धावला.

"आये, माझंच निमंत्रन रद्द? माझ्याच लग्नाचं?"

तेवढ्यात हौसाबाईंचा मोबाइल वाजला. लेकीने, रोशनीने वाचून दाखवलं, "आपलं निमंत्रण रद्द झालं आहे. आपली नम्र, हौसाबाई."

"मीच मला नको म्हनले?"

"तुमचं स्थळ आत्यांनी आणलेलं ना, आई?" शैलेश घाम पुसत म्हणाला. "म्हणून तुम्ही त्यांच्याखाली, आणि सगळं घर तुमच्याखाली. नवरीसुद्धा त्यांनीच दाखवली. आता फक्त मांडववाला उरलाय."

"समद्यांना आना परत. मैनी सोडून."

"तसं नाही होत. अजून पक्कं केलेलं नाही, म्हणून मागे घेता येतंय. पण घ्यायचं तर सगळंच. मधल्या एकालाच गाळता येत नाही."

बाहेर खुर्च्या सरकल्या. पाहुणे गाड्यांकडे निघाले. अजून थोडा वेळ, की कुंदन रिकाम्या मांडवात पिवळा होऊन बसणार.

"घ्या मागं," हौसाबाई कशाबशा म्हणाल्या.

नावं परतली. पण गेलेले निरोप कसे परतणार? पाहुणे फाटकापर्यंत पोचले, आणि तिथेच अडले. फाटकात मैनावन्स हात पसरून उभ्या होत्या.

"कुटं चाल्लाव? लगीन मोडलं नाय, हौसाचं डोकं फिरलंय! बसा गपचूप!"

सगळे बसले. मैनावन्स वळल्या. "काय गो हौसा, मना काढलीस?"

अख्खा मांडव कान देऊन बसला होता. हौसाबाईंनी पदर खोचला.

"काढली व्हती, वन्स. पन तुमाला काढलं का मी बी जाते. आन् मी गेल्यावर तुमाला तोंडावर बोलनार कोन? म्हनून ठेवलंय!"