गोरखच्या पिवळ्या कपाशीचा तपास

"घाटघरपासून आण्यापर्यंत माझ्याइतकं डोकं चालणारा दुसरा माणूस दाखवा," असं दादाभाऊ सांगत. दुसरं कोणी सांगत नसे. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी करून हा गडी निवृत्त झाला आणि दुसऱ्याच दिवशी डिटेक्टिव्ह झाला. मेव्हणा भिका त्याचा सहायक, कारण मोटारसायकल भिकाची होती.

आणे गावच्या गोरखनं बोलावलं तेव्हा प्रकरण हातघाईवर आलं होतं. त्याच्या कपाशीचा वरचा निम्मा तुकडा कमरेला लागत होता, ओढ्याकडचा निम्मा पिवळा पडून खुरटला होता. शेजारच्या अमृतनंच तणनाशक मारलं, असा गोरखचा संशय. दोघांचं बोलणं बंद होतं आणि गोरख पोलिसांत जायच्या बेतात होता.

दादाभाऊ रानात उतरले. "बघ भिका, पिवळं कसं संपतंय. दोरी लावल्यागत! हे माणसाचंच काम."

वरच्या रानात भिकाच्या चपलांना किलोभर काळी माती चिकटली होती. खाली मात्र नुसती वाळू. ते सांगायला त्यानं तोंड उघडलं.

"तपासात मधी बोलू नको."

मग ठसे सापडले. दादाभाऊंनी टेप लावला. "आठ नंबर! अमृतचा पाय?"

"सहा," गोरख म्हणाला.

"म्हणजे मोठी चप्पल घालून आला. लई बिलंदर!"

भिकानं दादाभाऊंच्या चपलांकडं पाहिलं. आठ नंबर.

अमृतला बांधावर बोलावलं. "खरं सांग," दादाभाऊ गरजले, "कुठनं चढलास, कुठं उतरलास?"

अमृतनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "गोरख, आपल्या बापांनी मिळून हीर खांदली. मी तुझं पीक जाळीन व्हय रे?"

गोरख खाली बघू लागला.

खुरपणीला आलेली शकुबाई मघापासून ऐकत होती. तिनं एक पिवळं झाड उपटून पुढं धरलं. मुळांना आल्याच्या कांडीसारख्या गाठीच गाठी. "आमच्या वांग्याला बी हेच झालं व्हतं. सूत्रकृमी म्हणत्यात. मातीतलं किडं, डोळ्याला दिसत न्हाईत. रेताड रानात लई माजत्यात, काळ्या मातीत तेवढं जमत न्हाई त्यांना."

भिकानं काळ्या रानातलं झाड उपटलं. मुळं साफ.

"डोळ्याला दिसत न्हाईत," दादाभाऊ गंभीरपणे म्हणाले, "म्हणूनच माझ्या हातनं वाचले."

गोरख अमृतजवळ गेला. "चुकलं राव."

"असू दे. हितं झेंडू लाव, त्यानं कमी व्हत्यात. रोपं माझ्याकडनं ने. फकस्त ह्या पावण्याला परत बांधावर आणू नको."

मोटारसायकलवर मागं बसत दादाभाऊ भिकाच्या कानात म्हणाले, "ऐकलंस? अजून घाबरून हाय मला."

भिकानं किक मारली.