सूर्यावरचे मंजूर डाग

वेधशाळेत सूर्यावरचे डाग मोजण्याचं पद एकच होतं आणि त्या पदावर बावीस वर्षं एकच बाई होत्या. सगळं खातं त्यांना डागबाई म्हणे. रोज सकाळी त्या दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडत, टोकदार पेन्सिलीने एकेक डाग गिरवत, मोजत आणि खाली सही करत. एवढ्या वर्षांत त्यांनी एक डाग इकडचा तिकडे केला नव्हता.

त्या उन्हाळ्यात रस्त्यांवर डांबर टाकणारी माणसं भोवळ येऊन पडू लागली. डागबाईंचे धाकटे दीर त्यांतलेच. रुग्णालयातून चार दिवसांनी घरी आले, ते भिंत धरून चालत. उन्हातली कामं दुपारी बंद ठेवण्याचा नियम करायचं घाटू लागलं, तशी ठेकेदार संघाने रीतसर हरकत घेतली. उकाडा माणसांच्या धुरामुळे वाढला असेल तर जरूर नियम करावा. पण सूर्यामुळे वाढला असेल तर ती नैसर्गिक आपत्ती, तिच्यापुढे कुणाचं काय चालणार? सरकारने वेधशाळेकडे अहवाल मागितला.

संचालकांनी डागबाईंना बोलावलं. खोली इतकी गार होती की साहेबांनी स्वेटर घातला होता.

“बाई, हे डाग काळे असतात ना?”

“हो साहेब.”

“काळे म्हणजे उजेड कमी. डाग घटले की ऊन वाढलं. अहवालात निम्मे करून टाका.”

“उलटं आहे, साहेब. डागांच्या आसपासचा भाग जास्त उजळतो. डाग वाढले की सूर्य किंचित जास्त तापतो.”

“मग दुप्पट करा.” डागांविषयी साहेबांच्या मनात कसलाच आकस नव्हता.

“पण तो फरक हजारात एकाचा. अकरा वर्षांत चढतो आणि उतरतो. गेली चाळीस वर्षं सूर्य काही जास्त तापलेला नाही, उलट जरासा मंदावलाय. शिवाय दिवसांपेक्षा रात्री जास्त वेगाने तापायला लागल्यात. रात्री तर सूर्य कामावर नसतो.”

साहेबांनी पेन उघडलं. “रात्री गैरहजर,” ते लिहिता लिहिता म्हणाले, “आणि हे इतकी वर्षं कुणी वर कळवलं नाही?”

डागबाईंनी एकही डाग वाढवायला नकार दिला. खात्याने त्यांच्यावर कारवाई केली नाही. फक्त डाग मोजणं बंद करून डाग मंजूर करायला समिती नेमली. तीत एक ठेकेदार, एक निवृत्त न्यायाधीश आणि या विषयाचा प्रत्यक्ष अनुभव हवा म्हणून एक त्वचारोगतज्ज्ञ होते. पहिल्याच बैठकीत समितीने दोनशे डाग मंजूर केले. त्या दिवशी सूर्यावर नऊ होते. उरलेले एकशे एक्याण्णव ‘प्रस्तावित’ म्हणून दाखवण्यात आले.

वर्तमानपत्रांनी कुरकुर केली. तेव्हा समितीने जाहीर केलं की सूर्य सर्वांचा आहे, म्हणून निर्णयही सर्वांनीच घ्यावा. घरोघरी मतपत्रिका गेल्या. प्रश्न एकच: उकाड्याला जबाबदार कोण? चौकटी दोन: ‘सूर्य’ आणि ‘आपण’. ‘सूर्य’पुढे फुली मारली की काम संपलं. ‘आपण’पुढे मारणाऱ्याने मागच्या पानावर आपल्या गाड्या, यंत्रं आणि प्रवास यांची यादी देऊन कशात किती कपात करणार ते लिहायचं होतं. दोन प्रतींत.

डागबाईंच्या यजमानांनी मागचं पान वाचलं, पंख्याचा वेग वाढवला आणि सूर्याला मत दिलं. सासूबाईंनी चष्मा सापडत नाही म्हणून मुलासारखंच करायला सांगितलं. डागबाई दिरांच्या खोलीत गेल्या, तर तिथेही फुली मारून झाली होती.

“भाऊजी, तुम्हीसुद्धा? तो नियम तुमच्यासाठीच व्हायचा होता.”

दीर उशीला टेकून बसले होते. हाताची कातडी अजून सोलत होती. “वहिनी, ‘आपण’ म्हणजे ठेकेदारही आला. त्याचं नाव घेतलं तर उद्यापासून घरी. सूर्याचं नाव घेतलं, तर तो काही कामावरून काढत नाही.”

डागबाईंनी आपल्या मतपत्रिकेवर ‘आपण’पुढे फुली मारली. त्यांनी मागचं पान दोन प्रतींत भरलं आणि उन्हातून चालत जाऊन पेटीत टाकलं.

सोमवारी निकाल लागला. सूर्य दोषी ठरला. दुपारच्या सुट्टीचा नियम बारगळला आणि पुढच्या आठवड्यात दीर फावडं घेऊन डांबरावर गेले. साहेबांनी पत्रकारांना सांगितलं की जनता जागरूक आहे.

‘आपण’ या चौकटीत सबंध मोजणीत एकच फुली निघाली. ती डागबाईंची होती. ‘सूर्य’पुढच्या बाकीच्या सगळ्या फुल्या कुणाकुणाच्या, ते वाचकहो, मतदान गुप्त असल्यामुळे आम्ही सांगत नाही.